तारीख नक्की कोणती?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती १५ ऑगस्टला पत्करली की २ सप्टेंबरला? पोराच्या पुस्तकात एक आणि टीव्हीवर दुसरीच तारीख, आमचं घरात भांडण झालंय.

उत्तर : भांडण मिटवा, दोन्ही बरोबर आहेत. १५ ऑगस्ट १९४५ ला सम्राट हिरोहितोंनी रेडिओवरून शरणागती जाहीर केली, पण कागदावर सह्या झाल्या २ सप्टेंबरला, टोकियोच्या उपसागरात मिसुरी या अमेरिकन युद्धनौकेवर, आणि अधिकृत शरणागती ती धरतात. जपान सरकारतर्फे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु आले, त्यांचा एक पाय लाकडी होता, १९३२ मध्ये शांघायला बॉम्बस्फोटात गेलेला, त्यामुळे काठी टेकत डेकवर चढले. सैन्यातर्फे जनरल उमेझु. अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने दोस्तराष्ट्रांच्या वतीने सही केली. आता गंमत ऐका, जपानच्या प्रतीवर कॅनडाच्या कर्नल कॉसग्रेव्हने एक ओळ खाली सही ठोकली, मग पुढच्या सगळ्यांच्या जागा सरकल्या, न्यूझीलंडवाल्याला तर ओळच उरली नाही! जपानी अधिकारी म्हणाले असा कागद कसा चालेल, तेव्हा सदरलँड नावाच्या अमेरिकन जनरलने देशांची नावं खोडून हाताने नीट लिहून दिली. एवढ्या मोठ्या युद्धाच्या कागदावर खाडाखोड, आणि तो तसाच घेऊन गेले बिचारे.