जंतू मारले की आजार संपला, एवढंच ना?

"सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे काय? जंतू मारले की आजार संपला, एवढंच ना?" असं तुम्ही विचारलंय. व्याख्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला लागलं ते 'एवढंच ना'. आमच्या भाऊजींचं पेटंट वाक्य आहे ते.

मी अकरा वर्षं सांगलीत एका लॅबमध्ये कल्चर बघते, म्हणजे सॅम्पलमधले जंतू प्लेटवर वाढवून ओळखते. भाऊजींचं तासगावकडे द्राक्षाच्या औषधांचं दुकान. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, लघवीला जळजळ सुरू झाली. भाऊजींनी कपाटातल्या उरलेल्या सिप्रोच्या, म्हणजे एका अँटिबायोटिकच्या, गोळ्या काढून दिल्या. मला कळलं दुसऱ्या दिवशी. तरी सॅम्पल लावलं. तीन गोळ्या पोटात गेल्यावर प्लेटवर काय उगवणार? 'नो ग्रोथ'. "वहिनी, तुमच्या लॅबला काही सापडत नाही की हो!" हे जेवताना, सगळ्यांच्या देखत. कल्चरचं सॅम्पल पहिल्या गोळीच्या आधी घ्यायचं असतं, हे ऐकायला कुणी थांबलंच नाही. जळजळ गेली, गोळ्याही बंद.

बाराव्या दिवशी रात्री आप्पांना हुडहुडी भरून ताप. या वेळी इंजेक्शनाआधी मी लघवीची बाटली भरून घेतली. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीवर, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेटवर, गुलाबी कॉलनी, जंतूंचे ठिपके, गच्च, मिलीला लाखाच्या वर. ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया. कुठलं औषध चालतं ते बघायच्या, सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर सिप्रोच्या चकतीला अगदी खेटून वाढलेला, मोकळं कडं नावालाही नाही, म्हणजे सिप्रोला तो दाद देत नव्हता. सात दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. भाऊजी म्हणाले, हवा बदलली.

हाच ई. कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यात बिनबोभाट नांदतो, व्हिटॅमिन केसुद्धा बनवतो. लघवीच्या वाटेत शिरला की तोच आजार. म्हणजे जंतू कोण, यापेक्षा तो कुठे आहे हे बघावं लागतं. शरीरात आपल्या पेशी जितक्या, साधारण तितकेच बॅक्टेरिया असतात. अँटिबायोटिक त्यातले निवडून मारत नाही. आतड्यातले कामाचे गेले की सी. डिफिसिलसारखा एखादा त्रासदायक बॅक्टेरिया हातपाय पसरतो आणि जुलाब थांबता थांबत नाहीत. आणि साधी सर्दी व्हायरसची. तिला अँटिबायोटिक घेणं म्हणजे पैसे आणि पोट दोन्ही घालवणं.

आप्पांचा जंतू गोळ्या अर्धवट सोडल्यामुळेच निर्ढावला, असं मी शपथेवर सांगणार नाही. आधीपासूनच तसा असेल. पहिल्या दिवशी कल्चर लावलं असतं तर कळलं असतं, माझं म्हणणं तेवढंच होतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र माझं वाचून बंद करू नका.

गंमत म्हणजे हेच भाऊजी दुकानात शेतकऱ्याला द्राक्षावरच्या भुरी या बुरशीबद्दल बजावतात, "एकच औषध सारखं मारू नका, भुरी दाद देईनाशी होते." मी एकदा म्हटलं, भाऊजी, हेच तर सांगत होते मी. ते म्हणाले, "वहिनी, द्राक्षाचं वेगळं असतं." कपाटातली स्ट्रिप मी फेकून दिली होती. परवा बघितलं तर नवी ठेवलेली आहे.