पालेर्मोच्या बाजारातील शाकाहार

प्रश्न : येत्या ऑक्टोबरात आम्ही पती-पत्नी इटलीच्या सिसिली बेटावरील पालेर्मो येथे तीन दिवस राहणार आहोत. मी मासे खाते. माझ्या यजमानांना अंडे चालते, मात्र मांस-मासळी चालत नाही. तिथले स्थानिक पदार्थ दोघांनाही खाता येतील का? आणि थोड्या वेळात काय पाहावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघांनाही पोटभर खाता येईल. पहिल्या दिवशी सकाळी थेट बाल्लारो बाजारात जा आणि तिथे गरम ‘पानेल्ले’ मागा. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात घोटून घट्ट शिजवायचे, त्यात पार्सली घालून ते पातळ थापायचे आणि निवल्यावर काप करून तळायचे, अशी याची कृती असल्यामुळे पाटवडी करणाऱ्या कोणालाही हा पदार्थ पाहताक्षणी आपला वाटेल. फोडणी आणि तिखट त्यात नसते. तीळ लावलेल्या पावात घालून, वर लिंबू पिळून तो खातात. मात्र काही गाड्यांवर प्राण्यांच्या प्लीहेचे आणि फुप्फुसाचे काप चरबीत परतून पावातून देतात, त्यामुळे यजमानांसाठी केवळ तळणाची गाडी निवडावी.

दुसरा पदार्थ ‘कापोनाता’. तळलेल्या वांग्याच्या फोडी, सेलरी, ऑलिव्ह, केपर (खारवलेल्या कळ्या) आणि टोमॅटो व्हिनेगर-साखरेत मुरवून ही भाजी गारच वाढतात. गार भाजी आपल्याला आधी रुचत नाही, पण तिचा आंबटगोडपणा मुरल्यावरच खुलतो. या चवीमागे शहराचा इतिहास आहे. ८३१ साली अरबांनी पालेर्मो जिंकले आणि त्यांच्या राजवटीत लिंबू, ऊस, वांगे यांची लागवड या बेटावर रुजली. १०७२ मध्ये उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन योद्धे आले, परंतु त्यांनी अरब कारागिरांना आणि विद्वानांना दरबारी ठेवले. म्हणूनच, वेळ कमी असेल तर बाकी सारे सोडा, पण राजवाड्यातील कापेल्ला पालातिना हे प्रार्थनाघर चुकवू नका. ११३० मध्ये राज्याभिषेक झालेल्या दुसऱ्या रॉजर या नॉर्मन राजाने ते उभारले. भिंतींवर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, शैलीतील सोनेरी कुट्टिमचित्रे (मोझेक) आणि वर इस्लामी घडणीचे कोरीव लाकडी छत, असा मेळ मला तरी अन्यत्र पाहायला मिळालेला नाही. तिथे निवांत एक तास द्यावा. दुसऱ्या दिवशी जवळच्या मोनरेआले येथील कॅथीड्रल पाहा; खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असू द्या.

तुमच्यासाठी ‘सार्दे आ बेक्काफिको’ सुचवतो : ब्रेडचा चुरा, बेदाणे आणि चिलगोजे भरून भाजलेल्या तारल्या. कोकणी घरातील तिखट तारली खाल्लेल्यांना हा गोडसर मासा प्रथम बुचकळ्यात टाकेल, तरी खाऊन पाहाच.

यजमानांनी तीन ठिकाणी सावध राहावे. भाताच्या तळलेल्या गोळ्यांना पालेर्मोत ‘आरांचिना’ म्हणतात. त्यातील ‘लोण्याचा’ म्हणून विकला जाणारा प्रकार नावावरून शाकाहारी वाटतो, पण त्यात बहुधा हॅम असते. ‘स्फिंच्योने’ या जाड, टोमॅटो-कांद्याच्या पावात खारवलेले बारीक मासे घालतात. आणि ‘कान्नोली’ या गोड पदार्थाच्या कुरकुरीत नळीत परंपरेने डुकराची चरबी पडते, म्हणून मेंढीच्या दुधाच्या ताज्या रिकोत्ताची (मऊ चीजची) चव घ्यायची असल्यास चौकशी करून ‘कास्साता’ हा केक घ्यावा. बदामाची किंवा लिंबाची ग्रानिता, म्हणजे दाणेदार गोठवलेले सरबत, मात्र निःशंक खावी. मागणी नोंदवताना ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे आवर्जून म्हणावे. केवळ ‘शाकाहारी’ म्हटल्यास मासे चालतील असा समज होऊ शकतो.