दरवेळी माशी शिंकते: डोंगरातले पक्षी पाहण्याचा बेत पुन्हा पुन्हा मोडतो तेव्हा

"सगळी तयारी होते आणि ऐनवेळी कुठेतरी माशी शिंकतेच. आता वाटतं, माझ्या नशिबातच नाही ते." वर्षानुवर्षं मनात जपलेल्या प्रवासाबद्दल असं बोलणारी माणसं समुपदेशनाला बरीच येतात. इथली हकीकत साठीच्या आसपासच्या एका पक्षीनिरीक्षक बाईंची आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

त्यांना पाहायचा होता वॉलक्रीपर. चिमणीएवढा, करड्या अंगाचा हा पक्षी उभ्या कड्यावर सरकत सरकत किडे टिपतो आणि पंख उघडले की गडद किरमिजी रंग दिसतो. पिरेनीजपासून हिमालयापर्यंतच्या डोंगरांत तो आढळतो. बाईंचा बेत विणीच्या हंगामात साडेतीन हजार मीटरच्या वरच्या कड्यांपाशी जायचा होता. पहिल्या वेळी गुडघ्याची गादी फाटली. दुसऱ्या वेळी घरात आजारपण आलं. तिसऱ्या वेळी सोबत येणारी मैत्रीण आठवडाभर आधी मागे फिरली. त्यानंतर दुर्बीण कपाटात गेली आणि जवळच्या तळ्यावरची रोजची सकाळची फेरीही थांबली. प्रवास मोडल्यापेक्षा ही फेरी थांबणं आम्हाला जास्त काळजीचं वाटलं. त्यामुळे पहिलं काम ठरलं ते आठवड्यातून दोन सकाळी, अर्धा तास, तळ्यावर जायचं. मन असो वा नसो. उत्साह येईल मग जाऊ, अशी वाट पाहिली तर तो सहसा येत नाही. आधी पाय हलतात, मन मागून येतं.

पहिल्या भेटीला त्या नवा आराखडा घेऊनच आल्या होत्या. मूळचा बारा दिवसांचा प्रवास आता आठ दिवसांचा झाला होता. बेत मोडल्यावर घाईघाईने केलेल्या दुसऱ्या बेतात काय कापलं आहे ते नेहमी पाहावं. पक्षी पाहायचे दिवस कुणी कापत नाही. कापले जातात ते विरळ हवेची सवय होण्यासाठीचे मुक्काम आणि हाताशी ठेवलेला मोकळा दिवस, कारण कागदावर ते रिकामे दिसतात. बाईंच्या जुन्या आराखड्यात २५०० मीटरवर दोन रात्री होत्या आणि मग टप्प्याटप्प्याने चढ होता. नव्या आराखड्यात दुसऱ्याच रात्री मुक्काम ३७०० मीटरवर. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा नियम तंदुरुस्त माणसालाही लागू आहे. रोज व्यायाम करणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो. म्हणून तो आराखडा आम्ही बाजूला ठेवला आणि पुढची भेट होईपर्यंत काहीही आरक्षित करायचं नाही, एवढंच ठरलं.

या काळात त्यांना दहा पट मोठं दाखवणारी नवी दुर्बीणही घ्यायची होती. बेत फसला की माणसं हमखास खरेदीकडे वळतात; काहीतरी पुढे सरकल्यासारखं वाटतं. पण चढून धाप लागलेली असताना दहा पटीत चित्र जास्त हलतं, आणि भिंग तेवढंच असेल तर पहाटेच्या अंधुक उजेडात ते फिकं दिसतं. हातातली ८ बाय ४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण या कामाला उत्तम होती.

दुसऱ्या भेटीत तिन्ही अडचणी वेगळ्या केल्या. एकाच माळेत ओवल्या की त्यांचं नशीब होतं. सुट्या केल्या की प्रत्येकीचा स्वभाव कळतो. आजारपण कुणाच्या हातात नव्हतं. गुडघा मात्र पुन्हा दुखणार हे ठाऊक होतं, तरी बेतात त्याला जागाच नव्हती. आणि मैत्रिणीचं मागे फिरणं हे बरंचसं निवडीतून आलं होतं. मैत्रिणीला रोज दहा-बारा किलोमीटर चालायचं होतं, यांना एकाच कड्यासमोर दोन तास उभं राहायचं होतं. सोबत शोधताना मैत्री किती जुनी यापेक्षा चालण्याची गती आधी विचारावी. पक्षीनिरीक्षक तासाला जेमतेम किलोमीटरभर सरकतो, आणि हे ज्याला माहीत नाही तो दुसऱ्या दिवशी कंटाळतो. तशी सोबत मिळाली नाही तर त्याच भागातला वाटाड्या घ्यावा आणि पहिल्याच फोनवर त्याला सांगावं की चालायचं कमी आणि थांबायचं जास्त आहे.

गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बारा आठवड्यांचा व्यायाम सुरू झाला. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर ताण जास्त येतो, म्हणून सरावात जिना उतरणं हवंच. दोन्ही हातांत काठ्या, पाठीवर कमीत कमी ओझं आणि सोबत घडीचं हलकं स्टूल. तासन्‌तास उभं राहणंही गुडघ्याला सोसत नाही. प्रवासाच्या सहा आठवडे आधी एक चाचणी ठरवली: सलग दोन दिवस, प्रवासात जितके तास चालायचं तितके तास, चढउतारावर. एका दिवसाची चाचणी फसवते, कारण सूज बऱ्याचदा दुसऱ्या सकाळी दिसते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नियोजनातल्या भ्रमाबद्दल लिहिलं. आपण पुढच्या कामाचा अंदाज ते सुरळीत होईल असं धरून करतो, मागच्या कामांत काय झालं होतं ते धरत नाही. बाईंना आधीच्या प्रवासांत वाया गेलेले दिवस मोजायला सांगितले. पाऊस, बंद रस्ता, बिघडलेलं पोट धरून जवळपास प्रत्येक प्रवासात एक-दोन दिवस गेले होते. मग ते दिवस बेतातच धरले.

त्यानंतर 'जर-तर'चा कागद. पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासातून ही पद्धत रूढ झाली: अडचण आल्यावर विचार करायचा नाही, आधीच वाक्य लिहून ठेवायचं. बाईंनी लिहिलेली वाक्यं अशी होती. घरात कुणी आजारी पडलं, तर आधी भावाला फोन. पाच दिवस तो सांभाळणार हे आजच ठरलं आहे. वर गेल्यावर डोकं दुखून मळमळलं, तर त्या दिवशी चढायचं नाही. झोक जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी लगेच खाली. चाचणीनंतर गुडघा सुजला, तर वरचा बेत बंद आणि खालचा बेत चालू.

हा 'खालचा बेत' त्यांना पचायला सर्वांत जड गेला. वॉलक्रीपर हिवाळ्यात खाली येतो. नदीकाठचे कडे, घळी, दगडखाणी, कधी तर दगडी इमारतींच्या भिंतींवरही तो दिसतो. म्हणजे फारशी उंची न चढता तो पाहण्याची संधी हिवाळ्यात मिळते. "पण काळ्या गळ्याचा नर नाही दिसणार," त्या म्हणाल्या. बरोबर होतं. विणीच्या हंगामात नराचा गळा काळा असतो, हिवाळ्यात तो पांढुरका होतो. इथे "अहो, पक्षी तोच ना," असं समजावणं सोपं होतं आणि चुकीचंही ठरलं असतं. पर्यायी बेतात काहीतरी खरोखरच सुटतं, ते नाव घेऊन मान्य करावं लागतं. एक अख्खी भेट काळ्या गळ्याच्या नराबद्दलच झाली. त्यानंतरच खालच्या बेताचा नकाशा उघडला.

अशा वेळी एक गोष्ट तपासावी लागते. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक वेळ मन उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडत्या कशातच रस उरला नसेल, तर प्रश्न प्रवासाच्या नियोजनाचा नसतो. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. बाईंच्या बाबतीत तळ्यावरच्या फेऱ्या तीन आठवड्यांत पूर्ववत झाल्या, तेव्हा तशी गरज भासली नाही.

चाचणीनंतर गुडघा सुजलाच. दोन दिवस त्या कुणाशी फारशा बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या मुक्कामाचं आरक्षण रद्द केलं. परतावा मिळण्याची मुदत त्या आठवड्यानंतर संपणार होती आणि चाचणीची तारीख तो हिशेब धरूनच ठरवली होती. हिवाळ्यातल्या पाच दिवसांसाठी नदीकाठच्या कड्यांजवळ खोली घेतली, त्यातला एक दिवस मोकळा. वरच्या कड्यांचा बेत विणीच्या हंगामासाठी शिल्लक आहे, त्याआधी गुडघ्याची तीच दोन दिवसांची चाचणी पुन्हा होईल.