मेटल डिटेक्टरसाठी हेडफोन घेऊ की घरातले इअरबड चालतील?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरकडे तुमची कपाशी आहे, वेचणीत आईच्या पोतीची, म्हणजे मंगळसूत्राची, एक सोन्याची वाटी शेतात पडली, डिटेक्टर मिळाला आहे, आणि आता कानाला मोठा हेडफोन लावावा की मोबाईलचे ब्लूटूथ इअरबड, हे ठरत नाही. आधी उत्तर देतो: वायरचा हलका हेडफोन घ्या आणि काम करताना एक कान उघडा ठेवा. ब्लूटूथ इअरबड या कामाला लावूच नका. वायरचा साधा इअरफोन घरात पडून असेल तर हेडफोन येईपर्यंत थांबायचीही गरज नाही.

मी चोपडा तालुक्यातला. आसपासच्या गावांत कुणाचं जोडवं, कुणाचा कानातला टॉप, कधी ट्रॅक्टरची पिन मातीत गेली की मला बोलावतात. त्यामुळे हे उत्तर आपल्या काळ्या जमिनीपुरतं आणि आपल्या उन्हापुरतं आहे. समुद्रकिनाऱ्यावर शोधणारा माणूस कदाचित वेगळं सांगेल.

ब्लूटूथला नाही का म्हणतो, ते आधी समजून घ्या. डिटेक्टरची चकती वाटीवरून गेली त्या क्षणी आवाज कानात पोचायला हवा. साध्या ब्लूटूथमध्ये तो १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. गाणी ऐकताना हे कळतही नाही. पण चकती सेकंदाला मीटरभर सरकत असेल तर २०० मिलिसेकंदांत ती २० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. उजवीकडे जाताना आवाज उजवीकडे सरकून येतो, परत येताना डावीकडे, आणि तुम्ही दोन्हीकडे उकरत बसता. वाटी मधेच राहते. ॲपटीएक्स लो लेटन्सी नावाचा प्रकार असतो, त्यात हा उशीर ४० मिलिसेकंदांवर येतो, पण तो डिटेक्टर आणि हेडफोन दोन्हींत असावा लागतो. बाजारातल्या बहुतेक इअरबडमध्ये तो नसतोच. डिटेक्टर कंपन्यांच्या स्वतःच्या वायरलेस पद्धती वेगळ्या. गॅरेटच्या झी-लिंकचा उशीर सुमारे १७ मिलिसेकंद, म्हणजे दोन सेंटिमीटरही नाही. ती उत्तम, पण एका वाटीसाठी तेवढा खर्च करा असं मी म्हणणार नाही.

उशिरापेक्षाही मला खटकते ती दुसरी गोष्ट. बरेच स्वस्त इअरबड शांतता असली की झोपतात आणि आवाज आला की जागे होतात. त्या जागं होण्यात आवाजाची सुरुवात कापली जाते. आपल्याला हवा असतो तो आवाज मुळात तेवढाच असतो, बारीक आणि क्षणभराचा.

तो आवाज कसा असतो तेही सांगतो. वेगवेगळ्या धातूंना वेगळा आवाज देणारा डिटेक्टर असेल तर तो लोखंडाला खालच्या पट्टीत बोलतो, चांदी-तांब्याला वरच्या. म्हणून चांदीचं जोडवं ओळखायला सोपं. सोन्याची छोटी वस्तू मधल्या पट्टीत येते, आणि नेमक्या त्याच पट्टीत ॲल्युमिनियमचा कचरा येतो: गोळ्यांची रिकामी पट्टी, फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं सील. कपाशीच्या शेतात यांची कमतरता नसते. चुरगळलेल्या पट्टीचा आवाज बहुधा फाटका येतो, दर फेरीला थोडा बदलतो. वाटी गोल असल्यामुळे दोन्ही दिशांनी सारखी आणि गुळगुळीत बोलते. हा फरक स्पीकरवर, वाऱ्यात, उभ्या माणसाच्या कानापर्यंत पोचत नाही. कानाला काहीतरी लावायचं ते यासाठी. (तुमची फक्त वाटी पडली हे त्यातल्या त्यात बरं. बारीक साखळी फार वाईट, डिटेक्टरला तिची एकेक कडी वेगळी दिसते आणि एकेक कडी म्हणजे जवळजवळ काहीच नाही.)

आता मोठा हेडफोन की कानात घालायचा, हा खरा प्रश्न. वारा असेल तर हेडफोनच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्यामुळेच, आणि मे-जूनमध्ये तापीकाठच्या मोकळ्या रानातही वारा कानात घोंगावतो. गादीवाला कप तो अडवतो. पण त्याच मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा कान पूर्ण झाकणारा हेडफोन घामाने भिजतो, रेक्झिन सोलवटतं आणि अर्ध्या तासात डोकं भणभणतं. म्हणून हलका, कानावर टेकणारा घ्या आणि खाली सुती रुमाल बांधा. उन्हाचंही काम होतं आणि गादीही टिकते. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कानात घालायचा वायरचा इअरफोन उन्हात सुखाचा, यात वाद नाही. त्रास वाकल्यावर होतो. दर आवाजाला खाली बसून उकरायचं असतं, वायर फावड्यात किंवा पऱ्हाटीच्या खुंटात अडकते आणि बोंडूक कानातून निघून मातीत पडतं. आत चुंबक असतं, आणि आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यातले लोहाचे कण जाळीला चिकटतात. वायर शर्टच्या आतून घेतली तर हे बरंच टळतं.

एक कान उघडा ठेवा म्हणतो, ते मनावर घ्या. घोणस जोरात फुत्कारते, फुरसं अंगावरचे खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. दोघंही बहुधा आधी सांगतात, पण ऐकायला कान मोकळा हवा. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरच्या केळीच्या बागांत बिबट्याचीही भीती असते. एक कप मागे सरकवला की झालं. आवाज बंद करणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनवाले इअरबड शेतात घालून फिरू नका.

पिनकडेही बघून घ्या. काही डिटेक्टरला ३.५ मिमीचं भोक असतं, काहींना ६.३५ मिमीचं जाडं. अडॅप्टर सहज मिळतो. माइकवाल्या इअरफोनच्या पिनेवर तीन रेघा असतात, ती काही यंत्रांत नीट बसत नाही आणि आवाज एकाच कानात किंवा पोकळ येतो. दोन रेघांची पिन घ्या. आवाज कमी-जास्त करायची चकरी हेडफोनवरच असेल तर उत्तम, कारण फावड्यावरून चकती गेली की यंत्र कानात किंचाळतं. सुरुवातीलाच फावड्यावर फिरवून तो आवाज सहन होईल इतका ठेवा. दर सेकंदाला टिक-टिक ऐकू आली तर हेडफोनला दोष देऊ नका, शेजारच्या बांधावर डुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, चालू असेल. त्यांना तासभर बंद करायला सांगा.

आणि हे लवकर करा. पऱ्हाट्या उपटल्यावर, पण नांगरट व्हायच्या आत. उन्हाळा चढला की काळ्या जमिनीला भेगा पडतात, वाटी भेगेत उतरली की साध्या डिटेक्टरच्या हाती लागणं कठीण.

आपली हरवलेली वस्तू आपल्या शेतात शोधायला हरकत नाही. पण त्या नादात जुनी नाणी किंवा भांडं निघालं तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तापीकाठी प्रकाशे, गिरणाकाठी बहाळ इथे उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली आहे, त्यामुळे आपल्याकडे ही शक्यता खरी आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत तर डिटेक्टर नेऊच नका.

हेडफोन विकत घेण्याआधी एक करून बघा. आईच्या पोतीची दुसरी वाटी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीला लांब दोरा बांधा, शेतातच चार बोटं खोल पुरा आणि दोऱ्याचं टोक वर ठेवा. आधी स्पीकरवर ऐका, मग वायरचा इअरफोन लावून. कुणाचा हेडफोन उसना मिळाला तर तोही लावा. चकती उचलत उचलत आवाज कुठपर्यंत टिकतो ते बघा. ज्यात तो सगळ्यात उशिरा विरतो, ते घ्या.