लाइन गेली, कॉपी अर्ध्यावर

प्रश्न : दिवंगत आईच्या ओव्यांची रेकॉर्डिंगं, ६० जीबी, माझ्या लिनक्स कॉम्प्युटरवरून मुलीच्या लॅपटॉपवर टाकायची आहेत. एससीपी (नेटवर्कवरून फायली कॉपी करणारी कमांड) वापरतो, पण लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काका, आरसिंक (rsync) वापरा. १९९६ पासूनचं जुनं, भरवशाचं साधन आहे. ते दोन्हीकडच्या फायलींचा आकार आणि तारीख ताडून पाहतं, पोचलेल्या वगळतं. दोन्ही मशीनवर मात्र असायला हवं. कमांडमध्ये उणे चिन्हापुढे लहान ए आणि मोठा पी लिहा. ए तारखा जपतो, पी अर्धवट फाइल टिकवतो. मागच्या मे महिन्यात माझ्याकडे एका दुपारी तीनदा लाइन गेली. दर वेळी वरच्या बाणाने तीच कमांड आणली, एंटर दाबलं; काम राहिलं तिथून पुढे सरकलं.

मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ (/) दिली, तर फोल्डर न जाता फक्त आतल्या फायली जातात. इथे पुष्कळजण फसतात. आधी लहान एन जोडून रंगीत तालीम करा, काहीच कॉपी होत नाही.

शेवटी लहान सी जोडून पुन्हा चालवा, म्हणजे फायलींचा आतला डेटाही पडताळला जाईल. तोवर मूळ प्रत पुसू नका. या ओव्या पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाहीत.