प्रश्नावली वाचली, आता थोडं ऐक

प्रिय,

अनेक आशीर्वाद. बेघरांच्या सर्वेक्षणासाठी तू केलेली प्रश्नावली वाचली. ‘भीक मागता का?’ हा पहिलाच प्रश्न खोडून टाक. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा डोक्यावर असताना खरं कोण सांगेल? शिवाय पुण्यात फूटपाथवर झोपणारे कित्येक जण सकाळी मजूर अड्ड्यावर उभे असतात, लग्नात वाढपी असतात, हॉटेलात भांडी घासतात. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ डंपर फूटपाथवर चढला, झोपेतच तीन जीव गेले, त्यांत दोन चिमुरडी. ही कुटुंबं अमरावतीकडून मजुरीला आलेली होती. खोलीचं डिपॉझिट भरायचं, तर महिन्याचं काम नक्की हवं ना!

२०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख बेघर नोंदले गेले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत एकूण आकडा उतरला, शहरांतला मात्र ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेला. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीची. त्या रात्री पोलिसांनी हुसकावलं म्हणून कुणी गल्लीबोळात गेलं असेल, तर ते सुटलंच. त्यामुळे तू एकाच रात्रीवर विसंबू नकोस.

स्टेशन, स्वारगेट साडेअकरानंतर बघ. ससूनबाहेर झोपलेल्यांत पेशंटचे नातेवाईक बरेच. त्यांना गावाकडे घर असतं, म्हणून त्यांचा रकाना वेगळा ठेव. झोपलेल्याला उठवायचं नाही, फोटो तर मुळीच नाही. चपला उशाला, आधार कार्डाची प्लास्टिकची पिशवी पोटाशी, एवढंच दिसेल. बोलायचं असेल तर संध्याकाळी जा, तीन दगडांवर भात शिजत असतो तेव्हा. बायका एकट्या असल्या तर आडोशाला असतात, त्यांच्याकडे सोबत बाई घेऊनच जा. स्वतःशी बडबडणारा कुणी दिसला, तर ‘वेडा’ लिहून मोकळं होऊ नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बेघरांना मोफत उपचारांचा हक्क दिलाय, रेशनकार्ड नसलं तरी.

आणि हो, ‘रात्र निवाऱ्यात का जात नाही?’ हा प्रश्न राहू दे. पुरुषांच्या निवाऱ्यात बायको-पोरं घेता येत नाहीत, हे उत्तर वारंवार येईल. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच मोठ्या शहरांत लाखामागे एक निवारा सांगितला होता. पुणे २०११ मध्येच ३१ लाखांचं होतं. प्रत्यक्षात किती निवारे आहेत, ते एकेका ठिकाणी जाऊन, खाटा मोजून लिही.

प्रश्नावली दुरुस्त करून गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका