चाळिशीनंतरचा इंग्रजीचा क्लास

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) विभागाचा सुपरवायझर आहे. शिक्षण मराठी माध्यमात दहावी, नंतर आयटीआय. हल्ली आमच्याकडे ऑडिटला, म्हणजे कामाची तपासणी करायला, परदेशी माणसं येतात. मशीनपाशी मी उभा असतो, पण उत्तरं क्वालिटीतला दुसराच कोणीतरी देतो. म्हणून सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते साडेआठ असा क्लास लावला. वर्गात चाळीस जण, बहुतेक कॉलेजची मुलं. सर फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढतात, आम्ही तो उतरवून घेतो. एकदा मला उभं केलं, वाक्य चुकलं, मागची पोरं हसली. घरी मुलगी नववीला, इंग्रजी माध्यमात. तीही मला मध्येच थांबवून उच्चार सुधारते. सेकंड शिफ्ट असली की आठवडा बुडतो. या वयात हे जमणार आहे का, की क्लास सोडून द्यावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मशीन तुम्ही चालवायचं आणि त्याबद्दल बोलायचं दुसऱ्याने, हे मलाही वाचताना सहन झालं नाही. तेव्हा आधी स्पष्ट सांगते, शिकणं सोडू नका. हा क्लास बदलावा लागला तर खुशाल बदला.

वयाची भीती मनातून काढा. १९७८ साली नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा एक अभ्यास झाला होता. त्यात पहिल्या काही महिन्यांत बारा-पंधरा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं सगळ्यांत भराभर शिकली, अगदी लहान मुलं मागे राहिली. पुढे मुलं मोठ्यांना गाठतात आणि उच्चारात तर सरस ठरतात, हेही खरं. पण तुम्हाला लंडनच्या माणसासारखे उच्चार नकोच आहेत. समोरच्याला कळेल असं बोलायचं आहे, आणि ते ४६व्या वर्षी नक्की जमतं. हसणाऱ्या मुलांचं म्हणाल, तर महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. तुम्ही एबीसीडी पाचवीत गिरवली आणि तेव्हा तासाला धडा वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगितला जायचा. बोलायला कोणी लावलंच नाही. त्या मुलांना तुमच्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळाली आहेत, बाकी काही नाही.

आता क्लासचा हिशोब. दीड तासात सर चकार शब्द बोलले नाहीत, तरी चाळीस जणांत तुमच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. एवढ्यात कोणाचीच जीभ वळत नाही. सरांना बाजूला गाठून विनंती करा, ‘रोज शेवटची वीस मिनिटं दोघादोघांना एकमेकांशी बोलायला लावाल का?’ जोडीत बोललं तर प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात आणि चुकलं तर ते एकालाच ऐकू जातं. सर ऐकणारे असतील तर तिथेच राहा. ‘आधी व्याकरण पक्कं करा’ असं उत्तर आलं, तर दहा-बारा जणांची बॅच शोधा. फी थोडी जास्त पडेल, पण पैसे तिथेच वसूल होतात. आणि ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशी पाटी दिसली की पुढे चालू लागा. केंब्रिज इंग्लिशच्या अंदाजाप्रमाणे ओळखीच्या विषयावर, आपल्या कामाबद्दल नीट बोलता येण्याची पातळी, म्हणजे बी-वन, गाठायला शून्यापासून शिकवणीचे साधारण ३५० ते ४०० तास लागतात. तुमचा क्लास तीन महिन्यांत एकही दिवस न चुकता केला तरी नव्वद तास होतात. हे घाबरवायला सांगत नाही. तीन महिन्यांत जमलं नाही की माणसं स्वतःला ढ ठरवून मोकळी होतात, ते मला फार लागतं. मुळात तुम्ही शून्यावर नाहीच.

टूल, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक), ऑफसेट, बोअर, टॉलरन्स, रिवर्क, रिजेक्शन हे सगळं तुम्ही रोज बोलता. त्या मागच्या बाकावरच्या मुलांपैकी कितीजणांना टॉलरन्स म्हणजे काय हे सांगता येईल? शब्द तुमच्याकडे आहेत, ते वाक्यात बसवायचे राहिलेत. त्यासाठी बारा काळ लागत नाहीत. ऑडिटरला दोनच गोष्टी हव्या असतात. रोज काय करता, आणि त्या दिवशी काय केलंत. साधा वर्तमान आणि साधा भूतकाळ, यावर पुढचे काही महिने निघतील.

आपल्या सवयीचा एक अडसर मात्र मी अशा वर्गांत सतत पाहते. मराठीत ‘इन्सर्ट बदलला, पाच पीस तपासले’ एवढं पुरतं. कोणी केलं ते सांगावं लागत नाही. त्याच चालीवर इंग्रजी बोलायला गेलं की ‘इन्सर्ट चेंज्ड, फाइव्ह पीस चेक्ड’ असं बाहेर पडतं आणि ऑडिटर विचारतो, कोणी बदलला? म्हणून काम सांगताना सुरुवात ‘वी’ने करायची, हा एकच नियम महिनाभर पाळा. समजा बोअर, म्हणजे भागातलं भोक, अंडरसाइज, ठरल्यापेक्षा लहान, आला होता. मग असं बोला :

‘द बोअर वॉज अंडरसाइज. वी स्टॉप्ड द मशीन. द इन्सर्ट वॉज वर्न. वी चेंज्ड द इन्सर्ट. वी चेक्ड फाइव्ह पीसेस. ऑल वेअर ओके.’

सहा वाक्यं, पण व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे ‘असं का झालं’ हे पुन्हा पुन्हा विचारून मूळ कारण शोधण्याचा, निम्मा कागद त्यात येतो. अशीच तुमच्या विभागातली गेल्या वर्षातली चार-पाच रिजेक्शन्स वहीत उतरवा आणि ती वही क्लासला न्या. सरांना म्हणा, मला ही वाक्यं दुरुस्त करून द्या. चांगल्या शिक्षकाला असा विद्यार्थी मिळाला तर आनंदच होतो.

ऑडिटरचे प्रश्नही फिरून फिरून तेच असतात. हू चेक्स धिस? हाऊ ऑफन? व्हेअर इज द रेकॉर्ड? व्हॉट डू यू डू इफ अ पार्ट इज रिजेक्टेड? हे चार आधी कानाला ओळखीचे करा. इथे मुलीला कामाला लावा. तिला ऑडिटर करा, प्रश्नांचा कागद तिच्या हातात द्या. अट एकच, तुमचं उत्तर पूर्ण होईपर्यंत तिने मध्ये बोलायचं नाही. जे सुधारायचं ते शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट. तिला तुमच्या कामातलं काही माहीत नाही. इन्सर्ट कशाला म्हणतात हे तुम्हाला तिला समजावून सांगावं लागेल आणि ते इंग्रजीत सांगताना तुमचा खरा सराव होईल. बापाचं काम काय असतं हे तिलाही त्या निमित्ताने कळेल, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात क्लासचा हट्ट धरू नका. सकाळी आवरून झालं की दहा मिनिटं वहीतली वाक्यं मोठ्याने म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. मनातल्या मनात वाचलेलं ऐन वेळी ओठांवर येत नाही.

आणि पुढच्या ऑडिटची वाट पाहत बसू नका. क्वालिटीच्या त्या सहकाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा, ‘या वेळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार, अडलो तर तू बोल.’ प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज से दॅट अगेन?’ म्हणायचं. ऑडिटरही पुष्कळदा जर्मन किंवा जपानी असतो, त्याचीही ती शिकलेलीच भाषा असते. उत्तर सुचेना झालं तर ‘आय विल शो यू’ म्हणून त्याला गेजपाशी, म्हणजे माप तपासायच्या उपकरणापाशी, न्या. तिथे तुमच्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही.

प्रश्न : मी ५९ वर्षांची, नागपूरची. मुलगा-सून न्यू जर्सीत आहेत, त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी जाणार आहे. इंग्रजीचा क्लास इथे लावू की तिथे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, दोन्हीकडे शिका. इथे निघेपर्यंत फक्त प्रवासाचं इंग्रजी करा. विमानतळावर कोणाकडे चाललात, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का, सामानात खायचं काय आहे, असे प्रश्न येतात. त्यांची छोटी, खरी उत्तरं तयार ठेवा. लोणचं-पापड असेल तर अधिकाऱ्याला सांगा, फॉर्म दिला तर त्यावरही लिहा, लपवू नका.

तिथे गेल्यावर मुलाला जवळच्या पब्लिक लायब्ररीत चौकशी करायला सांगा. अमेरिकेत पुष्कळ लायब्रऱ्यांमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी गप्पांचे गट चालतात, बहुतेक ठिकाणी फुकट. तिथे कोणी चीनची, कोणी मेक्सिकोची, सगळ्या अडखळतच बोलणाऱ्या. दिवसभर मुलगा-सून कामावर गेल्यावर घरात एकटं बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, तेव्हा ही चौकशी मुलाला आत्ताच करायला सांगा.